मी नापास झालो, ताई!

वडीलधाऱ्या मार्लिसताईस,

गुडघाभर बर्फात उभं राहून माणसाला जितकं वाकता येतं तितकं वाकून धाकट्या वेंडेलचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आणि भावजींची कंबर? ॲरिझोनात तुम्ही ऐन थंडीत अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून अंगणात संत्री खाता, असं तू नाताळच्या कार्डात लिहिलं होतंस. ते वाचून कोरिनने कार्ड फडताळात पालथं ठेवलं. इकडे सगळं क्षेमकुशल आहे. सरोवर काठाला अजून गोठलेलंच आहे, दुकानाच्या पायरीवरचं बर्फ वितळावं म्हणून मी रोज मीठ टाकतो आणि गिऱ्हाईकं रोज घसरतात. कोरिनचा खोकला गेला (असं ती म्हणते, मला तो होता तेव्हाही ऐकू येत नव्हता).

आता ऐक. ताई, मी नापास झालो! डुलुथच्या मोठ्या रुग्णालयात, दोन डॉक्टरांच्या देखत, इतका सपशेल नापास झालो की हॅडलीबाईंनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि कोरिनने सगळ्यांसमोर माझा मुका घेतला. शाळेत मी नापास व्हायचो तेव्हा बाबा हातात काय घ्यायचे ते तुला आठवत असेलच. पण ही परीक्षा उलटी आहे. हिच्यात जो नापास होतो त्यालाच कानातलं ते यंत्र मिळतं, कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात ते. आपलं साधं श्रवणयंत्र म्हणजे काय, तर आवाज मोठा करतं. माझ्या कानात मोठा आवाज म्हणजे मोठा गोंगाट, बस्स. हे दुसरं यंत्र कातडीखाली बसवतात, त्याची बारीक तार कानाच्या आतल्या शंखात सोडतात आणि ती आवाज थेट नसेपर्यंत पोचवते. मधला सगळा बिघडलेला रस्ता टाळून! हे सगळं मला हॅडलीबाईंनी चित्र काढून समजावलं. या बाई आमच्या भागातल्या कानाच्या तपासनीस. वयाने पोरसवदा, पण समोरच्याच्या तोंडाकडे बघून सावकाश बोलतात. असं बोलणारं माणूस मला देवासारखं वाटतं.

गोष्ट इथवर का आली, तेही तुला सांगायला हवं, कारण फोनवर तुला कोरिनने सांगितलेलं सगळं खरं नाही. मला वाटायचं, न्हाव्याला कान कशाला हवेत? डोकं दिसतं, कात्री चालते. पण गेल्या ईस्टरच्या आधी लायल (तोच तो, डाकघरातला, ज्याने तुला एकदा नाचायला विचारलं होतं) खुर्चीत येऊन बसला. चर्चच्या नाटकात तो संत पीटर होणार होता आणि त्यासाठी थंडीभर त्याने दाढी वाढवली होती. तो म्हणाला, ‘दाढी ठेवा.’ मला ऐकू आलं, ‘दाढी उडवा.’ बिचारा डोळे मिटून गरम टॉवेलखाली पडला होता. त्या वर्षी आमच्या गावच्या संत पीटरची हनुवटी तान्ह्या बाळासारखी होती आणि पीटर येशूला नाकारतो त्या प्रवेशात कोंबडा आरवायच्या आधीच सगळी माणसं हसत होती. लायल माझ्याशी भांडला का? भांडला असेल. मला कळलं नाही.

दुसरी भानगड याहून मोठी. माझे कान गेले तसं माझं दुकान वाढलं! आधी मला वाटलं, हात सुधारला. मग लक्षात आलं की माणसं माझ्याकडे केस कापायला येतच नव्हती, बोलायला येत होती. खुर्चीत बसायचं, आरशात बघायचं, मनातलं सगळं ओकायचं, आणि मी मागे उभा राहून मान डोलवायचो. (मान डोलवायची सवय आपल्या घरात सगळ्यांनाच. आपली आई होतीच ना तशी.) पाद्रीबुवासुद्धा यायचे. त्यांना मनातलं बोलायला दुसरी जागा नसावी.

तर हॅडलीबाई म्हणाल्या, डुलुथला पाठवते, तिथे पूर्ण तपासणी होईल, मग शस्त्रक्रियेचं बघू. फक्त तपासणीला विमा कंपनीची मंजुरी लागेल. (कंपनीचं नाव लिहीत नाही. विमा कोरिनच्या शाळेच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीवर मिळालाय, आणि कोरिन म्हणते, उगाच कागदावर कुणाचं नाव घेऊ नये.) मी म्हटलं, मंजुरी म्हणजे काय, आठवडाभराचं काम. ताई, तेव्हा अंगणातला मॅपल पिवळा पडायला लागला होता. पुढे त्याची पानं गळली, कोरिनने ती गोळा केली, त्यावर बर्फ पडलं, आणि कंपनीचं उत्तर आलं: नामंजूर. का, तर श्रवणयंत्राचा उपयोग होत नाही हे सिद्ध झालेलं नाही. ते सिद्ध कशाने होतं? तर याच तपासणीने! म्हणजे तपासणीला बसल्याशिवाय सिद्ध होत नाही, आणि सिद्ध झाल्याशिवाय बसू देत नाहीत. मी ते पत्र वाचून इतका हसलो की कोरिनला वाटलं मंजूर झालं. तिने वेलदोड्याचा पाव कापायला घेतला. मग तिला पत्र दाखवलं. पाव तरीही खाल्ला.

हॅडलीबाईंनी पुन्हा अर्ज केला. कंपनी म्हणाली, आम्ही अर्जदाराशी फोनवर बोलू. अगं, अर्जदार बहिरा आहे म्हणूनच अर्ज आहे! आम्ही कळवलं, कृपा करून लिहून विचारा. त्यांचं लेखी उत्तर आलं की अर्जदाराची फोनवर तोंडी खातरजमा झाल्याशिवाय लेखी व्यवहार सुरू करता येत नाही. मग कोरिन फोनवर बसली. त्यांनी तिला सांगितलं, तुम्ही बोलायला हरकत नाही, पण त्यांना स्वतःला ‘हो’ म्हणू दे. आम्ही एक युक्ती काढली. फोन मधे टेबलावर, आणि कोरिन माझ्या दंडाला चिमटा काढेल तेव्हा मी मोठ्याने ‘हो’ म्हणायचं. चिमटे काढता काढता कोरिनला शिंक आली. शिंकताना तिच्या हाताचं काय झालं देव जाणे, पण मी तीनचार वेळा खणखणीत ‘हो’ म्हणालो. तेव्हापासून कंपनी मला सिगरेट सोडवण्याचा च्युइंगगम पाठवते. मी जन्मात सिगरेट ओढली नाही हे तुला माहीत आहे (तू ओढायचीस, नावेच्या शेडमागे, मी कधी कुणाला सांगितलं नाही). गम वाईट नाही. पाद्रीबुवांना आवडतो. पण तपासणीचं मात्र पुन्हा ‘विचाराधीन’.

इतक्यात गावात बातमी फुटली की वेंडेलला ऐकू येणार. ताई, काय सांगू! दुकान ओस पडलं. लायल रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागला. पाद्रीबुवा आले, पण टोपी न काढता नुसतेच गम घेऊन गेले. हार्डवेअरवाल्याच्या बायकोने कोरिनला बाजारात गाठून विचारलं, ‘यंत्र बसवलं की मागचंही ऐकू येतं का हो?’ कोरिन म्हणाली, ‘मागचंच आधी येतं.’ मी तिच्यावर रागावलो, पण घरी आल्यावर आम्ही दोघंही पोट धरून हसलो. खरं सांगतो, थोडं वाईटही वाटलं. इतकी माणसं माझ्यापाशी इतकं बोलून गेली, आणि त्यातलं एक अक्षर माझ्याकडे नाही.

फक्त ऑर्विल यायचा थांबला नाही. ऑर्विल ट्युओमिनेन तुला आठवेल, खनिजाची जहाजं लागतात त्या धक्क्यावरचा, कामगार संघटनेचा भांडणारा, ज्याला बघून साहेब लोक कोट घालून पळायचे. आता म्हातारा झालाय, डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी येतो. खुर्चीत बसतो, बोलतो, कधी कधी डोळे पुसतो. मी कात्री हवेतच चालवतो. त्याने कंपनीचं पत्र माझ्या आरशात खोचलेलं पाहिलं, वाचलं, आणि ताई, त्याची मान लाल झाली. आधी मान, मग कान. धक्क्यावरच्या संपाच्या वेळी व्हायची तशीच! त्याने दाढीचा ब्रश उचलला आणि साबणाच्या फेसाने माझ्या आरशावर लिहिलं: ‘फोन कुठे आहे?’

त्यानंतर ऑर्विल रोज दुकानात येऊन फोनला बसायला लागला. तो ओरडत नाही. (कोरिनने मला सांगितलं, तो अतिशय हळू बोलतो आणि त्यानेच समोरचा घाबरतो.) तो एकाला म्हणे, ‘बाळ, तुझ्या वरचा कोण?’ आणि त्या वरच्याला म्हणे, ‘बाळ, तुझ्या वरचा कोण?’ असं करत करत तो कंपनीच्या खऱ्याखुऱ्या डॉक्टरपर्यंत पोचला. माणसं बातमी ऐकून आत डोकावायला लागली. लायलसुद्धा आला, दाराशीच उभा राहिला. तो डॉक्टर म्हणाला, कागदपत्रं ठीक आहेत, पण रुग्णाला फोनवर कितपत समजतं याची नीट नोंद नाही. ऑर्विल म्हणाला, ‘मग आत्ताच घ्या की नोंद.’ आणि त्याने रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी वस्तऱ्याला धार लावत होतो. एकदम कानाला रिसीव्हर, सगळं दुकान माझ्याकडे बघतंय, आणि आत काहीतरी घुरघुरतंय, टिनाच्या डब्यात मधमाशी असावी तसं. दुकानात फोन येतो तो कशासाठी येतो? मी आपला आवाज गोड केला आणि म्हणालो, ‘मंगळवारी सकाळी रिकामा आहे. नुसते केस, की दाढीसकट?’

डॉक्टरने विचारलं होतं की आपल्याला हा त्रास केव्हापासून आहे.

दुकानात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. लायल दाराला धरून खाली बसला. ऑर्विलचे खांदे हलत होते. कोरिनने हातातलं भांडं खाली ठेवून (ती ऑर्विलसाठी भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश घेऊन आली होती) तोंडावर हात धरला. आणि तो डॉक्टर, असं कोरिन सांगते, आधी म्हणाला, ‘नुसते केस,’ आणि मग म्हणाला, ‘मंजूर.’

डुलुथला जाताना मी रस्ताभर कोरिनशी बोलत होतो आणि ती रस्ताभर मला गप्प बस म्हणत होती, गाडी ती चालवत होती आणि रस्त्यावर काचेसारखं बर्फ होतं. तिथे एका जाड भिंतींच्या खोलीत मला बसवलं, कानात उत्तमातली श्रवणयंत्रं घातली आणि वाक्यं ऐकवली. ऐकायचं आणि तसंच म्हणायचं. मी मनापासून प्रयत्न केला, शपथ. हॅडलीबाई मुद्दाम तिथे आल्या होत्या, काचेपलीकडून बघत होत्या. वाक्य होतं (हे मला मागाहून कळलं), ‘माशांना थंड पाणी आवडतं.’ मी म्हणालो, ‘भाच्यांना दंड कोणी लावला?’ दुसरं होतं, ‘शेजाऱ्याने गाडी धुतली.’ मी म्हणालो, ‘म्हाताऱ्याने दाढी उपटली.’ पुढे तर मी वाक्यं नाही, अख्ख्या कादंबऱ्याच रचल्या. मग त्यांनी मागे माणसांचा गलबला लावून तीच गंमत केली. तेव्हा मात्र काहीच आलं नाही. एवढं साधं वाक्य, कुणीतरी कुणाला चहा हवा का विचारत असेल, आणि माझ्यापर्यंत येत नाही. काचेपलीकडे कोरिन होती. तिने मान खाली घातली. तिथे आम्हाला हसू आलं नाही.

पण मग सर्जनबाई आल्या, आतली चित्रं लावून म्हणाल्या, नस जिवंत आहे, शंख चांगला आहे, हा माणूस अगदी योग्य आहे. योग्य! तीन वेळा लिहून घेतलं मी त्यांच्याकडून.

परत आल्यावर ऑर्विल खुर्चीत बसला. मी त्याला म्हटलं, ‘ऑर्विल, सगळे मला टाळतात, तू नाही. तू इतकं बोललास, तुला भीती नाही वाटत मी ऐकेन याची?’ त्याने ब्रश घेतला. फेसाची अक्षरं ओघळत होती. ‘मी एल्साबद्दल बोलतो,’ त्याने लिहिलं. (एल्सा म्हणजे त्याची बायको, ती जाऊन आता बरीच वर्षं झाली.) खाली लिहिलं, ‘तुला ऐकू आलं की पहिल्यापासून सांगतो.’ मी म्हटलं सांग. मग आरसा पुसला आणि त्याचे नसलेले केस कापले.

असो. भावजींना नमस्कार, संत्र्यांना आशीर्वाद.

तुझा,
वेंडेल

ता.क. वरचं सगळं फक्त तपासणीचं झालं. शस्त्रक्रियेला मंजुरी वेगळी. अर्ज गेलाय, कंपनीने ‘विचाराधीन’ म्हणून कळवलंय. ऑर्विलची मान लाल झालीय, तेव्हा काळजी नसावी.

ता.क. दुसरा. यंत्र सुरू केल्यावर म्हणे पहिले काही आठवडे सगळी माणसं बदकासारखी बोलतात. मेंदूला शिकवावं लागतं. त्यासाठी रोज कुणीतरी समोर बसून तासतासभर बोलायला हवं. कोरिन शाळेत असते. हॅडलीबाईंनी अगदी बजावून सांगितलंय की आवाज लहानपणापासूनच्या ओळखीचा असेल तर उत्तम, विशेषतः थोरल्या बहिणीचा. तेव्हा मे महिन्यात तू ये. बर्फ वितळलेलं असेल. वरची खोली रंगवायला घेतलीय.

ता.क. तिसरा, कोरिनच्या हातचा, तो बर्फ काढायला बाहेर गेलाय म्हणून. मार्लिस, हॅडलीबाई म्हणाल्या की वाचनालयातली बोलती पुस्तकं लावली तरी चालेल. थोरल्या बहिणीचं नावही त्यांनी काढलेलं नाही. मी तिथेच होते. ये.