ना केस, ना पीस

झाबिनो, ३ मार्च १९९८

चि. तायुशास आजीचे उदंड आशीर्वाद, आणि गालांचे तीन पापे.

व्होल्गा अजून गोठलेलीच. बकरी व्यायली, दोन्ही करडं तुझ्यासारखी हट्टी. शेजारच्या ग्लाफिराला सांगितलं, माझी नात अणूंचा झोत काढते. विचारते कशी, त्यानं कपडे धुऊन निघतात का? म्हटलं, तुझं तोंड धुऊन निघेल! तू सांगितलेलं मला पाठ आहे. वेगातले अणू पातळ पत्र्यावर आपटायचे, ठिकऱ्या उडतात, त्यातला जड हेलियम चुंबकांनी निवडायचा. आणि पापणी लवायच्या आत तो मरतो, त्याआधी गाठायचा. मी धान्य निवडते तसंच की, फक्त तुझे दाणे पळतात.

तुझा पहिलाच झोत, म्हणून शिकारीला निघालेल्याला देतात ती उलटी शुभेच्छा देते, हाती काही न लागो: ना केस, ना पीस! उत्तर लगेच धाड.

तुझी आजी

९ मार्च

ती. आजीस सा. न.

झोत येत नाही गं. चुंबक ठीक आहेत, तरी शेवटच्या मोजणी-यंत्रात आमचा किरणोत्सारी हेलियम उमटतच नाही. येत्या रविवारी यंत्र दुसऱ्या गटाकडे जाईल, मग माझी वर्षाची मेहनत पाण्यात. साहेब म्हणतात, पोरी, आता सोडून दे. तुझ्या शुभेच्छांबद्दल मनापासून आभार. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी तायुशा

१२ मार्च

चि. तायुशास आशीर्वाद, आणि एक धपाटा.

आभार? अगं बये, शिकारीला निघालेल्यानं आभार मानायचे असतात का? तुझे आजोबा एकदाच मानून बसले. बदक तर नाहीच, टोपीही नदीत गेली. नजर लागू नये म्हणून शुभेच्छा उलटी, तसं उत्तरही उलटंच, आणि एकच: जा सैतानाकडे! आजीला कसं म्हणू, असं वाटलं ना? ही सभ्यता तुझ्या आईकडची. सैतानाची काळजी करू नकोस, माझ्या बडबडीनं तोच पळेल. आणि साहेबांना सांग, आमच्या घरात कुणी सोडून देत नाही. पुन्हा म्हणते, ना केस, ना पीस! आता तारेनं कळव.

तुझी आजी

१६ मार्च

माझ्या सोन्या,

तार वाचून पोस्टातली बाई लालबुंद झाली. म्हणाली, आजी, नातीनं काहीतरी भलतंच लिहिलंय. म्हटलं, मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे. ‘आजी जा सैतानाकडे. पत्रा तिरका बसला होता. झोत आला.’

पत्राबित्रा असेल बाई. मी आपली तिथेच रडले, मग सगळ्या रांगेला बोरांचा मुरंबा वाटला. तार आरशात खोचलीय. ग्लाफिरा जळून म्हणाली, माझा नातू मला असं कधी म्हणाला नाही. मी म्हटलं, त्याला नात शिकलेली लागते.

जीव आहे तोवर माया तुझ्यावर आहेच.

तुझी आजी