देव्हाऱ्यातली खीळ

मु. निघोजे,
चैत्र वद्य चतुर्थी, १९५७

राजमान्य राजेश्री बबनराव मेव्हणे यांना चिमाजीचा मनापासून रामराम. तुमची कंबर आता कशी आहे? वाकता येतं का? इकडे आम्ही खुशाल आहोत, आणि तुमची बहीण गोजाबाई तर जरा जास्तच.

तुमच्या इंदूच्या लग्नाची भांडी चिंचवडहून तुमच्याकडे चऱ्होलीला मी आणणार, हा दिलेला शब्द विसरलेलो नाही. पण लष्कराच्या लिलावात घेतलेली माझी जीप आणि तिच्यामागचा दोन चाकी ट्रेलर यांना जोडणारी लोखंडी खीळ झिजून पार करंगळीएवढी झाली होती. परवा चाकणला बटाटे नेताना उतारावर ती तुटली. मी आपला निवांत गात होतो (माझं गाणं तुम्ही ऐकलंय), एवढ्यात उजवीकडून एक ट्रेलर मला मागे टाकून पुढे गेला. म्हटलं, कुणाचा बरं हा? बटाट्यांवरून ओळखला. रस्त्याकडेच्या शालनबाईंच्या कडब्याच्या गंजीत शिरला म्हणून वाचला. आत इंदूच्या लग्नातली पातेली असती तर वऱ्हाड उपाशीच राहिलं असतं.

मग दोरखंडाने बांधून तो चिंचवडला दत्तोबा टर्नरकडे नेला. मेव्हणे, काय सांगू! लेथवर त्याने लोखंड असं सोललं की साल वेटोळी होऊन खाली पडत होती. (एक मी खिशात घातली. खिसा फाटला.) नवी खीळ त्याने भोकात सोडली, तर ती धपकन पडली नाही, सावकाश, अंग चोरून खाली उतरली. मी टोपी काढली. दत्तोबा म्हणाला, "आवं, खीळच हाय ती. टोपी घाला, ऊन लागंल." माणसाच्या हातून असंही काही होतं, हे पाहून माझे डोळे भरून आले. सांगायला लाज कसली?

पण घरी येताच गोजाबाईने ती काढून घेतली, धुतली आणि हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली. धुळीत न्यायची नाही म्हणते. ट्रेलर अंगणात उभा, लग्न चौदा दिवसांवर. थोरल्या भावाचं ती ऐकेल. तिला दोन ओळी लिहा.

तुमचा,
चिमाजी

ता. क. : गोजाबाईने पत्र वाचलं. म्हणते, खरं लिहा, नाहीतर मी लिहिते. तर, खीळ देव्हाऱ्यात मीच ठेवली. गोजाबाई तेव्हापासून ओरडतेय, "देव काय जीप चालवतोय व्हय?"

ता. क. दुसरा : तेव्हा त्या दोन ओळी मलाच लिहा, जरा दरडावून. भांडी वेळेवर येतील. फक्त ती उतरवून घेण्याआधी ट्रेलरपाशी एकदा वाकून खीळ बघा, कंबर दुखली तरी.