रॉड कोणता टाकायचा

११ डिसेंबर

वनमाला न्हाणीत घसरली. मांडीचं हाड मोडलं. बीडला नेलं, पायाला वजन बांधून निजवलंय. डॉक्टर म्हणाले, रॉड टाकावा लागेल — स्टीलचा की टायटॅनियमचा, सांगा. टायटॅनियम जवळजवळ तिप्पट! मी म्हटलं, विचार करतो. "स्टीलही चांगलंच असतं हो," म्हणाले. स्टीलचं मला सांगतात! साखर कारखान्यात पाइप जोडण्यातच माझा जन्म गेला. निघताना नमुन्याचा एक स्टीलचा स्क्रू मागून घेतला.

लेक योगिता बीडलाच दिलेली. तिला आईजवळ ठेवून संध्याकाळच्या गाडीनं परतलो. हंगाम चालू आहे.

१२ डिसेंबर

डिस्टिलरीत पुन्हा गळती. स्पिरिट गाळून उरलेलं मळीचं काळं, आंबट, उकळतं पाणी — साध्या लोखंडाला एका हंगामात खातं. साधं स्टेनलेस दोन-तीन हंगाम काढतं. तीनशे सोळा नंबरचं महाग, पण टिकाऊ. तरी सांध्याशी खड्डे पडतात. मी बोटानं चाचपलेत. साहेब स्वस्तातलं आणतात, मग ऐन हंगामात कारखाना थांबवून आम्ही पाइप बदलतो. वाचलेलं सगळं त्यातच जातं.

डॉक्टरांना फोनवर विचारलं, रॉड कोणत्या नंबरचा? म्हणाले, तीनशे सोळा एल.

म्हणजे त्यातलंच! वनमालाच्या मांडीत!

स्क्रू तारेला बांधून त्या पाण्याच्या टाकीत सोडला. बघू.

१४ डिसेंबर

जोडीदार फकीरनं तार पाहिली. पोट धरून हसला. "भाभीच्या मांडीत काय मळी भरलीय का बे?" मग हसायचा थांबला. "आसाराम, तू जा ना बीडला. गळती मी बघतो."

म्हटलं, धातूची खात्री झाल्याशिवाय जाऊन करू काय?

घरी भाकरी थापायला बसलो. एक जमली.

१५ डिसेंबर

वनमालाचा फोन. आधी विचारलं, "जेवलात का?" मग म्हणाली, "कोणता बी टाका. हितं समद्यांचे नवरे उशाला बसलेत."

मी तिला खड्ड्यांचं समजावून सांगितलं. मग योगितानं फोन घेतला — "अण्णा, डॉक्टर रोज विचारतायत. उशीर बरा नाही म्हणतात."

म्हटलं, बुधवारपर्यंत थांबा.

१६ डिसेंबर

सोमवार. महादेवाला बेल वाहिला. पाय बरा होऊ दे म्हणायचं, तर तोंडातून आलं — धातू चांगला मिळू दे! गाभाऱ्यात एकटाच होतो म्हणून बरं.

१८ डिसेंबर

स्क्रू काढला. लख्ख! एक काळा ठिपका दिसला, बोटानं घासला — मळी होती, पुसली गेली.

तरीही टायटॅनियमच. जन्माचा प्रश्न आहे, साहेबासारखा हिशेब नको. डॉक्टरांना सांगायला फोन लावला. उचलला नाही. वनमालाचाही बंद.

१९ डिसेंबर

योगिताचा फोन. ऑपरेशन सोमवारीच झालं. सही वनमालानं स्वतः केली.

"आई म्हणाली, त्यांना कळवू नको, कामात आहेत. आता ती माझ्याकडंच राहणार आहे, अण्णा."

किती दिवस, ते मी विचारलं नाही.