पुढून, डावीकडून येणारा आवाज

५ जानेवारी, रविवार

नवीन वही. फक्त तांत्रिक नोंदींसाठी. भावनिक मजकूर लिहायचा नाही. सगळी नोकरी कृषी खात्यात अहवाल लिहिण्यात गेली, अहवाल कसा असतो ते मला सांगायला नको.

विषय: आमची फोर बाय फोर. रिटायर झाल्यावर मी आणि माझा दोस्त राजानंदनं मिळून घेतलेली, सेकंडहॅन्ड. मी चालवायचो, तो डाव्या सीटवर. त्याला ड्रायव्हिंग येत नव्हतं. मराठीचा मास्तर होता, त्याला बोलणं येत होतं. अंबडहून निघालो की पोचेपर्यंत तोंड बंद नाही. दिवाळीपर्यंत एकट्यानं मी गाडी कधी काढलीच नव्हती.

तक्रार: पुढून, डावीकडून घरघर. गिरणीत खडा गेल्यासारखी. मधूनच येते, मधूनच जाते. दिवाळीनंतर सुरू झाली. त्याआधी बिलकुल नव्हती. (राजा भाद्रपदात गेला. त्याचा याच्याशी संबंध नाही. कालक्रम म्हणून नोंदवलं.)

संकल्प: आठ दिवसांत आवाज सापडला पाहिजे. मग शहागडला राजाच्या घरी जायचं आणि नंदावहिनींना त्यांच्या बहिणीकडे, पिंपळगाव रेणुकाईला नेऊन सोडायचं. अंत्यविधीच्या दिवशीच तसं कबूल केलंय. नंतर पुण्यानुमोदनाच्या विधीला जायला जमलं नाही, गाडी सर्व्हिसिंगला होती. बाईमाणसाला अशा आवाजाच्या गाडीत बसवणं बराबर नाही, म्हणून थांबलोय. दुसरं कारण नाही.

७ जानेवारी

कारभारी मिस्त्रीला शेजारी बसवून जालना रोडला चक्कर. आवाज नाही. अर्थात कारभारी सगळा वेळ फोनवर सासुरवाडीशी भांडत होता, त्याचं लक्षच नव्हतं. उतरताना म्हणाला, बेअरिंग असू शकतं, काहीही असू शकतं, वाजंना तर काय खोलू? वाजल्यावर आणा.

त्याला गॅरेजला सोडलं. वळलो. वाजायला लागली.

परत गेलो. बंद.

९ जानेवारी

आता स्वतःच. यूट्यूबवर एका पंजाबी माणसाचा व्हिडिओ बघितला. पुढची दोन्ही चाकं काढली, पुसली, ग्रीस भरलं, परत बसवली. एक नट उरला. कंपनी एखादा जास्तीचा देत असावी.

दैवशालाला (ही आमची मंडळी, रोजनिशी तांत्रिक असल्यानं आधी उल्लेख आला नाही) म्हटलं, झालं काम. ती म्हणाली, मंग उद्या जा शहागडला.

उद्या नको. ग्रीस मुरू द्यावं लागतं.

११ जानेवारी, दुपारी

ट्रायल. एकटाच. शहागडच्या दिशेनं, पण वडीगोद्रीपर्यंतच. सुरुवातीला एकदम शांत. इतकी शांत की मी स्वतःचा श्वास ऐकला. वडीगोद्रीच्या अलीकडे घरघर. या वेळी लांबट. आधी जरा चढली, मग उतरली. नीट ऐकलं तर ‘सोम्याऽऽ’ अशी वाटेल.

माझं नाव सोमेश्वर. सोम्या म्हणणारा एकच होता.

हा निव्वळ ध्वनिशास्त्राचा प्रकार आहे. रेल्वेच्या चाकांतूनही माणसाला पाहिजे ते शब्द ऐकू येतात.

१२ जानेवारी

दैवशालाला सहज सांगितलं. तिनं पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. मी विज्ञानाचा माणूस, मी विरोध केला. तिचं म्हणणं, तुम्ही गाडीला बांधू नका, मी माझ्या मनाला बांधून राह्यले. लिंबू राहिलं.

१४ जानेवारी, संक्रांत

नंदावहिनींचा फोन. जय भीम भाऊजी, तीळगूळ घ्या. कसे आहात. मी गाडीचं सगळं समजावून सांगितलं: ॲक्सल, हब, आवाजाची दिशा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, भाऊजी, अक्षता (राजाची मुलगी) पुण्याला गेली परत, घरात मी एकटीच आहे, चार दिवस बहिणीकडं जाऊन येते म्हणते. तुम्हाला जमत नसंल तर एस.टी. हाय की.

मी म्हणालो, बिलकुल नाही. शब्द म्हणजे शब्द. रविवारपर्यंत आवाज काढतो.

किती शांत बोलतात बाई. राजाच्या घरात एवढं शांत माणूस कसं राहिलं, देव जाणे.

१८ जानेवारी

सुमित आला संभाजीनगरहून. आमचा मुलगा. त्याला बसवून बदनापूरपर्यंत नेलं. जाऊन-येऊन एकच रेकॉर्ड: बाबा, गाडी विका, या वयात कशाला, राजाकाका होते तोपर्यंत ठीक होतं. आवाज मात्र एकदाही नाही.

आणि तिथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडला! कारभारी बसला, आवाज नाही. सुमित बसला, आवाज नाही. सीट रिकामी, की आवाज. म्हणजे डाव्या बाजूला वजन पाहिजे! वजन नसल्यानं डावं चाक वर उचलतं आणि आत काहीतरी घासतं. इतकं सोपं. कारभारीला हे सुचलं नाही.

उद्या प्रयोग.

१९ जानेवारी, रविवार

डाव्या सीटवर ज्वारीचं पोतं. बेल्ट लावला. नाहीतर ब्रेक मारल्यावर पुढं येतं.

वडीगोद्रीपर्यंत गेलो. घरघर. पोतं असूनही.

चहाच्या टपरीवर एकानं वाकून बघितलं आणि विचारलं, काका, पाव्हणे चहा घेणार न्हाईत का? मी चहाचे पैसे देऊन निघालो. काही लोकांना संशोधनाची कदर नसते.

निष्कर्ष: वजन कमी पडलं. राजा पोत्यापेक्षा जड होता. नक्की किती, ते नंदावहिनींना फोन करून विचारावं असं वाटलं, मग वाटलं, नको.

रविवार संपला. वहिनींना कळवायचं राहिलं.

२२ जानेवारी

आज ठरवून थेट शहागडला निघालो. आवाज आला तरी थांबायचं नाही, घरी जायचं, वहिनींसमोर बसायचं, विषय संपवायचा.

फोर-व्हीलचा लिव्हर टाकून पाहिला. आवाज. लिव्हर काढला. आवाज. वडीगोद्री गेलं, हायवेला लागलो, ट्रकांच्या रांगेतून डावीकडनं सारखं घरघर, घरघर, जसं कुणी सांगायला लागलंय आणि आपण ऐकत नाही. शहागड आलं. उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. त्याच्या गल्लीचं तोंड दिसलं. निळा झेंडा, हापसा, त्याच्या पुढं त्याचं दार. ओट्यावर त्याची खुर्ची होती. अजून बाहेरच ठेवलीय.

परत फिरलो. अंधार पडत होता.

(दुपारचे तीन. पण ढगाळ होतं.)

२३ जानेवारी

दैवशाला म्हणते, झोपेत दात खाता. शक्य नाही.

बंपरवरचं लिंबू वाळलं होतं. बाजारातून नवीन आणून मीच बांधलं. वाळलेलं लिंबू गाडीला शोभत नाही, एवढंच.

२४ जानेवारी

डावी सीट पूर्ण मागं सरकवलेली आहे. राजाचे पाय लांब. सुमितनं पुढं ओढली होती, मी परत होती तिथं केली. प्रयोगात मध्येच परिस्थिती बदलायची नसते.

दाराच्या कप्प्यात बडीशेपेची पुडी सापडली, अर्धी. दुमडून परत ठेवली.

वडीगोद्रीचं वळण. आवाज. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. आवाज बंद. रिकाम्या सीटकडे बघून मोठ्यानं म्हणालो, “बोल की लेका, काय बोलायचं ते!”

ही ऑडिओ टेस्ट होती. काच खाली होती आणि मेंढरं घेऊन चाललेला एक माणूस थांबला होता. त्याला वाटलं त्याला बोललो. तो म्हणाला, काही न्हाई बाबा, चाललो.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेलो नाही. गाडीवर विचार चालू आहे.

२८ जानेवारी, मंगळवार. पिंपळगाव रेणुकाई

काल लिहिता आलं नाही. क्रमानं लिहितो.

काल सकाळी नंदावहिनी स्वतःच एस.टी.नं अंबडला आल्या. हातात पिशवी. दैवशालानं चहा दिला. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुमची गाडी न्हाई आली म्हणून मीच आले गाडीकडं. आता चला.

मी म्हणालो, आवाज अजून सापडला नाही. त्या म्हणाल्या, असू द्या. दैवशालानं ज्वारीचं पोतं उचलून घरात नेलं आणि वहिनींना पुढं बसवलं.

निघालो. वहिनी काही बोलेनात. जालन्यापर्यंत दोघं गप्प. आणि घरघर. वजन होतं, माणूस होता, तरी घरघर. जालना ओलांडल्यावर मला राहवलं नाही. गाडी कडेला घेऊन विचारलं, वहिनी, ऐकलं का?

त्या म्हणाल्या, हा व्हय? हा तर जुनाच हाय.

मी म्हणालो, दिवाळीनंतर सुरू झालाय.

त्या म्हणाल्या, न्हाई भाऊजी. दोन वर्षं झाली असतील. घरी येऊन सांगायचे, सोम्याच्या गाडीचं पुढलं चाक वरडतंय. मी म्हणलं, मंग सांगा की त्यांना. तर म्हणले, सांगितलं तर तो गाडी खोलून बसंल, महिना महिना घरी लावून ठेवंल. मंग आमचं हिंडणं बंद. म्हणून ते बोलत बसायचे. चाक वाजलं की आवाज वाढवायचे. घरी आले की घसा पार बसलेला. कोमट पाणी मागायचे आन् गप पडायचे. आमच्याशी कुठं बोलत होते? सगळं तुमच्या गाडीतच संपवून यायचे.

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. बाहेरची हरभऱ्याची रानं बघत सांगितलं.

मी गाडी परत रस्त्याला घेतली. म्हणजे कारभारी फोनवर ओरडत होता म्हणून आवाज ऐकू आला नाही. सुमित ‘विका, विका’ करत होता म्हणून. पोतं बोललं नाही.

मग मला वाटायला लागलं, काहीतरी बोलावं. राजाला काय सापडायचं बोलायला? कवितांपासून शाळेच्या खिचडीपर्यंत सगळं. मी सुरू केलं: यंदाचा हरभरा, घाटेअळी, फवारणी कधी घ्यावी. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही गाडी चालवा.

राजूरच्या पुढं डाव्या चाकातून धूर आला. मग कडाड् असा मोठा आवाज, आणि गाडी एका बाजूला बसली. बेअरिंग फुटलं होतं. चाक हातानं हलत होतं. कडुनिंबाखाली बसून वहिनींनी पिशवीतनं भाकर-ठेचा काढला, अर्धी भाकर मला दिली. मी म्हणालो, चुकलंच माझं, आधीच यायला पाहिजे होतं. त्या म्हणाल्या, खा जल्दी, काळी-पिवळी येईल.

काळी-पिवळी जीपमध्ये वहिनी पुढं, मी मागं टपावरच्या सामानाची दोरी धरून. अंधार व्हायच्या आत पिंपळगावला पोचलो. वहिनींची बहीण गोजरबाई दारात आली आणि दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी जोडे न काढताच उभा राहिलो. मलाही रडू आलं, तेव्हा मी गोठ्याकडे गेलो.

(हा मजकूर तांत्रिक नाही. खोडायचं नंतर बघू.)

१ फेब्रुवारी

गाडी टो करून अंबडला. कारभारीनं नवीन बेअरिंग टाकलं. जुनं माझ्या हातात दिलं आणि विचारलं, पहिल्या दिवशी मी काय म्हणलो होतो? मी म्हणालो, तू म्हणाला होतास, काहीही असू शकतं.

२ फेब्रुवारी, रविवार

ट्रायल. एकटाच. अंबड ते वडीगोद्री आणि परत. आवाज नाही. वळणावर मुद्दाम हळू केली, काच खाली घेतली. नाही. खड्ड्यातून नेली. नाही. गाडी फर्स्ट क्लास.

घरी येऊन गाडीला कव्हर घातलं. मग पिंपळगावला फोन लावला. काही काम नव्हतं. वहिनी म्हणाल्या, बोला भाऊजी.

मग बेअरिंगबद्दल सांगितलं, कसं असतं, आत छर्रे कसे असतात, ग्रीस संपलं की काय होतं. त्या ‘हं’ म्हणत राहिल्या. मी बराच वेळ सांगत राहिलो.