नमुन्याच्या घरातली खाट

ती. दादास धाकटीचा नमस्कार,

तुझं पार्सल पोचलं. मोजायची टेप, आईची गोधडी आणि वातींचा पुडा, सगळं नीट मिळालं. सोडवायला पंचवीस रुपये पडले. तुझी कंबर कशी आहे? आम्ही बरे आहोत.

शहराबाहेर एकसारख्या घरांची नवी वसाहत होते आहे. ह्यांनी त्यातलं एक पसंत केलंय. नमुन्याचं घर देखणं आहे खरं. पण हे बिल्डरशी बोलत होते तेव्हा मी तुझी टेप काढली. आत मांडलेली खाट जेमतेम पाच फूट भरली! खोली मोठी दिसावी म्हणून सामानच लहान करून घेतलंय. त्याचसाठी नमुन्यात खोल्यांना दारंही बसवलेली नाहीत. खऱ्या घरात दारं लागल्यावर आपली खाट ठेवली तर दार पुरतं उघडणार नाही, मग सासूबाईंची चाकाची खुर्ची आत शिरणार कशी?

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "सुताराची बहीण शोभतेस! देवळात गेलीस तर गाभाराही मोजशील." मग आवाज चढला, "आईला स्वतःच्या घरात न्यायचंय मला. मोडता घालू नकोस."

महिनाअखेरीस सही झाली की सगळी पुंजी गेली. जपाला बसते, पण मण्यांऐवजी फूटच मोजत राहते. रडू येतं रे.

तुझं ते ऐकतील. त्यांच्याच नावाने लिही. नव्या घरासाठी खाट करून देतो म्हण आणि खोलीचं माप मागव. स्वतः मोजलं की कळेल त्यांना. टेप हाताशी ठेवते. मी कळवलं हे मात्र दिसू देऊ नकोस.

उलट टपाली लिही, दादा.

तुझी,
धाकटी