सर्दी नाही, ॲलर्जी आहे

९ मार्च, सोमवार
लेकीने पहिल्या पगारातून स्कायडायव्हिंगची दोन तिकिटं काढली. एक तिचं, एक माझं. ती लहान असताना, "बाबा एक दिवस विमानातून उडी मारणार," असं मीच तिला सांगायचो. तेव्हा ती पुरावा मागत नसे. उडी येत्या रविवारी. आजपासून पहाटे व्यायाम. उद्यापासून. आज जाग उशिरा आली.

१० मार्च
घसा खवखवतोय. कारखान्यांतली धूळ, दुसरं काय. आज तपासणीत एका बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जाम निघाला. मालक गयावया करत होता, एवढी पाळी चालवू द्या साहेब. मी सील ठोकलं. कोंडलेला दाब कुठून तरी वाट काढतोच, हे त्याला नीट समजावलं. मध्ये मध्ये शिंका येत होत्या, म्हणून वेळ लागला.

१२ मार्च
ताप. थर्मामीटर खराब असावा. बायको म्हणाली, अहो, हा फ्लू आहे, पोरीला सांगा. स्कायडायव्हिंगवाल्यांकडे गुपचूप चौकशी केली. तारीख बदलत नाहीत, माणूस बदलता येतो.
आणि माणूस टपलेलाच आहे. भावी जावई. मनात मी त्याला काडी म्हणतो. रात्री जेवायला होता. माझी एक शिंक ऐकून म्हणाला, बाबा, तुम्हाला बरं नसेल तर मी जाऊ का? लग्नानंतर हा जन्मभर तिच्या शेजारी बसणार. मला एक रविवार नको?
निश्चय: आजारी पडायचं नाही.

१४ मार्च
वाफ घेतली. नाकाला बाम चोपडला. डोळ्यांतून पाणी आलं, नाक चोंदलेलंच राहिलं. डाव्या कानाला दडा बसलाय. लेकीला ॲलर्जी सांगितली. ॲलर्जीला कोणी माणूस बदलत नाही.

१५ मार्च, रविवार, सकाळी
गोळी घेतली. ताप थोडाच. म्हणजे नाहीच. इन्स्ट्रक्टर दणकट गडी आहे, उडी मारताना तो मागून मला बांधलेला असणार. त्याने सगळ्यांना विचारलं, कुणाला सर्दी, ताप? मी लेकीकडे न बघता नाही म्हणालो. मग नाक दाबून फुंकायला लावलं आणि विचारलं, कान मोकळे झाले? झाले म्हटलं. प्रश्न जरा लांबून आला. बहुधा तो पुटपुटतो.

रात्री
मारली उडी. सुरुवातीला झकास. मग डाव्या कानात कुणीतरी सळई खुपसली. मी किंचाळलो. काडी खालून व्हिडिओ काढत होता. त्याला वाटलं, बाबा एन्जॉय करताहेत. शिंकाही आल्या. मी पुढे, इन्स्ट्रक्टर मागे, वारा समोरून. शिंका माझ्या, मिळाल्या त्याला.
उतरल्यावर जमीन गरगरत होती, कानातून रक्त. माझ्यामागून लेक उतरली, हात पसरून धावत आली आणि मला बघून थांबली. तिचं हसू अर्ध्यावरच राहिलं. ते मला बघवलं नाही.

१६ मार्च
कानाचे डॉक्टर. पडदा फाटलाय. म्हणाले, सर्दीत नाकाकडून कानाकडे जाणारी नळी बंद होते. खाली येताना बाहेरचा दाब झपाट्याने वाढतो, आत हवा शिरत नाही, मग पडदा जातो. तापात शुद्ध हरपली असती तर तुमच्याबरोबर बांधलेला माणूसही गोत्यात आला असता. मग विचारलं, काम काय करता? म्हटलं, बॉयलर तपासतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. व्हॉल्व्ह जाम असला तर काय करता? म्हटलं, सील ठोकतो.
त्यांनी माझ्या कानात कापूस घातला.

२० मार्च
इन्स्ट्रक्टर तापाने फणफणलाय. लेकीने त्याला फोन करून माफी मागितली. माझ्या वतीने. माझ्याशी फारशी बोलत नाही. बायको म्हणते, पडद्याचं नाही हो तिला, खोटं बोललात त्याचं आहे. मी म्हटलं, पूर्ण खोटं नव्हतं, मला धुळीची ॲलर्जी असू शकते.

२९ मार्च
लेक पुन्हा उडी मारणार. काडीबरोबर. मला डॉक्टरांनी विमान बंद केलंय. तिला म्हटलं, निघण्याआधी त्याचं नाक तपास. ती किती दिवसांनी हसली. मग माझ्या डाव्या बाजूला बसलेला काडी काहीतरी बोलला आणि ती आणखी हसली. मीही हसलो. विनोद चांगला असावा.