विषाणूचं दुसरं दार

दिग्रस, ९ जानेवारी

सौ. दिपालीताईस,
तुझ्या धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

मोबाइल रागात आपटला, म्हणून पत्र. आईला सांगू नकोस.

जिच्याशी लग्न करायचं म्हणतो, त्या रंजिताचं तुले ठाऊकच आहे. जन्मापासून एचआयव्ही, रोजची गोळी, तब्येत माझ्याहून ठणठणीत. परवा मी वाचलं, की हा विषाणू पेशीत एका ठरावीक दारानं शिरतो, पण वर्षं गेली की काहींच्यात रूप बदलून दुसरं दार उघडायला शिकतो आणि मग आजार झपाट्यानं वाढतो. अर्ध्यात बी.एस्सी. सोडलेला मी, शहाणपणा करून तिला सगळं ऐकवलं. ती म्हणाली, मंग गोळ्या कायले गिळू? तेव्हापासून गोळी बंद. मी भांडलो, तर तिनं मलाच तिच्या घराबाहेर काढलं. ताई, लय भेव वाटून राह्यलं.

आणखी एक. काहींच्या पेशींना पहिलं दार जन्मतःच नसतं, त्यांना लागण सहसा होत नाही म्हणे. माझं रक्त तपासता येईल का? मग लग्नाला बिनघोर उभा राहीन.

हवं तर शिव्या दे, पण उत्तर धाड.
तुझा अंकुर

पुसद, १२ जानेवारी

चि. अंकुर यास अनेक आशीर्वाद.

एवढी वर्षं दवाखान्यात नर्स आहे, पण विषाणूची अशी वकिली करणारा पाहिला नव्हता. तू वाचलंस ते खोटं नाही, अर्धं आहे. दार बदलतं ते बहुधा उपचाराविना वर्षं गेली की. तिची गोळी दारावर पहारा देत नाही. विषाणू कुठूनही शिरो, ती त्याला आत वाढू देत नाही. गोळी थांबली तर मात्र तो वाढेल, बदलेल, कदाचित हीच गोळी त्याला पुरेनाशी होईल. मलाही भीती वाटते आहे, लपवत नाही. पत्र मिळताच तिला यवतमाळला, जिथून गोळ्या मिळतात तिथं ने.

आणि तुझं रक्त कशाला? गोळी नियमित असून रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की तिच्यापासून नवऱ्याला लागण होत नाही. हे तिला ठाऊक असेल. तूच विचारलं नसशील.

जेवत जा.
तुझी ताई

दिग्रस, १६ जानेवारी

सौ. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तिच्या आईच्या, तानाबाईंच्या, हाती दिलं. रंजितानं ते वाचलं आणि काल एसटीत बसली, पण माझ्यापासून दोन सीट मागं. तिथं तिचं रक्त घेतलं, गोळी सुरू केली. विषाणू किती वाढला, त्याचा रिपोर्ट यायचा आहे.

परतताना शेजारी येऊन तिनं विचारलं, तू भेला ते माह्यासाठी का तुह्यासाठी? आधी संताप आला. मग खरं ते सांगितलं, दोघांसाठी. दिग्रसला उतरताना ती म्हणाली, रिपोर्ट घ्यायले तू सोबत ये, पण येताना काही वाचून येऊ नको.

माझ्यावर नाही, तर तिच्यावर तरी माया ठेव.
तुझा अंकुर